भाचीचा अर्ज

रात्रीचे अकरा. धायरीत आमच्या गल्लीत अजून रिक्षांची ये-जा आहे. आज ताईच्या लेकीचा राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा फी-माफीचा अर्ज भरून झाला. उत्पन्नाचा दाखला दाजींनी बार्शीहून मोबाइलवर पाठवला होता. त्यावरचा आकडा वाचताना ती गप्प झाली. बापाचं वर्ष असं एका ओळीत मावलेलं पाहणं सोपं नसतं.

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मंच माफ व्हायचं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. इंजिनिअरिंगला मुलाला घालायचं की मुलीला, हा हिशेब कित्येक घरांत मुलीच्या विरोधातच सुटायचा.

पण फी म्हणजे शिक्षण नव्हे. मेस आहे, पुस्तकं आहेत, खोलीचं भाडं आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यासाठीही अर्ज केला. तरी पैसे खात्यात येईपर्यंत जेवायचं कुठं? म्हणूनच १९५५ साली पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती मला इतकी जवळची वाटते. खेड्यातून आलेल्या पोराला आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं.

"मामा, आपण मागतोय असं वाटतं," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, हा तुझा हक्क आहे. उद्या समितीच्या वसतिगृहात चौकशी करायला तिला घेऊन जातो.