संगणकाची उत्तरपूजा

आरंभाचे सोहळे सर्वच समाज करितात. शेवट कसा करावा याचा विचार मात्र मराठी माणसानें कांहीं विशेष केला आहे, अशी आमची जुनी समजूत आहे. ती थोडी पक्षपाती असेल. पण आपला दुकानदार रात्रीं फळ्या लावतांना दुकान ‘बंद केलें’ असें म्हणत नाहीं. तो दुकान ‘वाढवितो’. पाहुणा निघतांना ‘जातों’ असें न म्हणतां ‘येतों’ म्हणतो. गणपतीची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या आस्थेनें प्राणप्रतिष्ठा, त्याच आस्थेनें विसर्जनापूर्वीं उत्तरपूजा. अक्षता वाहून मूर्ति जागेवरून किंचित् हलविल्याखेरीज तिला कोणी पाटावरून उचलीत नाहीं. लालबागेंतून अनंत चतुर्दशीस निघालेली मोठी मिरवणूक गिरगांवच्या चौपाटीस लागते तों दुसरा दिवस उजाडलेला असतो, आणि इतका वेळ कां लागतो असें विचारणारा मनुष्य आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाहीं. परंतु हाच समाज संगणकापुढें बसला, आणि त्या यंत्रास बंद होण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला, कीं त्याचा धीर सुटतो व हात बटणाकडे जातो.

आमच्या वडील बंधूंच्या घरीं गेले कांहीं महिने हा बटणाचाच वाद चालला होता. बंधूंचें बिऱ्हाड लालबागेंत, आमचें गिरगांवांत. त्यांच्याकडे दहा वर्षांचा जुना संगणक आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्यास एक विचित्र खोड जडली. सकाळीं तो निमूटपणें सुरू होई, दिवसभर सांगितलेलें काम करी. परंतु रात्रीं बंद होण्याची आज्ञा मिळतांच पडद्यावर ‘बंद होत आहे’ अशीं अक्षरें उमटत आणि त्यांच्यावर ठिपक्यांचें एक कडें फिरूं लागे, तें फिरतच राही. एके रात्रीं बंधूंचें जेवण झालें, बातम्या ऐकून झाल्या, अंथरूणहि घालून झालें. कडें फिरतच होतें. घरांतील सर्वांचें मत एकच पडलें, कीं बटण दाबून धरावें. हा उपाय कांहीं आडदांडपणाचा नव्हे. यंत्र बनविणाऱ्यांनींच तो ठेवलेला आहे. चार सेकंदांहून अधिक वेळ बटण दाबून धरलें कीं कोणासहि न विचारतां वीज तुटते. पण बंधू ऐकेनात. बहुतेक रात्रीं यंत्र तसेंच घोंघावत ठेवून ते निजत.

त्यांच्या या हट्टास कारण होतें. बंधू १९७५ सालीं गिरणगांवांतील एका कापडगिरणीच्या हजेरीच्या कचेरींत कारकून म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो मागें घेतल्याचें रीतसर कधींच जाहीर झालें नाहीं. कांहीं गिरण्या पुढें थोड्याबहुत चालल्या, कित्येक थंडावल्या. माणसें कोंकणांत, घाटावर आपापल्या गांवीं गेलीं, ‘सुटलें कीं कळवा’ असें सांगून. कळवावयास कोणी उरलें नाहीं. बंधूंनीं पुढें अनेक वर्षांनीं आपल्या खात्यांतील माणसांची यादी करावयास घेतली: नांव, तिकिटाचा नंबर, पाळी, गांव, आतां कोठें आहे, नसल्यास वारस कोण. प्रथम वह्यांत, मग संगणकावर. म्हाडानें २०१२ सालीं गिरणीकामगारांच्या घरांसाठीं मोठी सोडत काढली, तेव्हांपासून या यादीस निराळेंच महत्त्व आलें आहे. कोणा मयत कामगाराचा मुलगा सातारच्या बाजूनें येतो, त्यास बापाच्या तिकिटाचा नंबरहि ठाऊक नसतो. तो बंधूंच्या यादींत सांपडतो आणि निदान कागद शोधावयास कोठून सुरुवात करावी हें त्यास कळतें. अशी ती यादी. तिची चालूं प्रत याच एका यंत्रांत, आणि तें यंत्र दर रात्रीं अर्धवट मिटल्या डोळ्यांनीं बसून राही.

बटण दाबल्यानें यादीस खरोखर धोका होता कीं बंधूंचा तो निव्वळ संशय? धोका होता, रोजचा नव्हे, पण होता. संगणकाची स्मृति दोन प्रकारची असते. चालूं कामाची स्मृति विजेच्या आधारावर जगते. वीज तुटली कीं ती कोरी होते. दुसरी, साठवणीची, टिकाऊ असते, पण मंद. म्हणून यंत्र हातांतलें काम आधीं पहिल्या स्मृतींत टिपतें व सवडीनें दुसरींत उतरवितें. पेढीवरचा कारकून कच्च्या वहींतील टिपणें संध्याकाळीं पक्क्या खातेवहींत चढवितो तसेंच हें. चढविणें अर्धें झालें असतां कोणीं दिवाच काढून घेतला तर वही जाते असें नाहीं, पण शेवटच्या पानाचा भरवंसा धरतां येत नाहीं. गंमत अशी, कीं आपल्या मुंबईंतील आद्य संगणकास ही भीति फारशी नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेलें यंत्र १९६० सालीं कामास लागलें, व १९६२ सालीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांत चुंबकत्वाच्या रूपानें राही, आणि वीज गेली म्हणून चुंबकत्व जात नाहीं. त्या स्मृतींत अवघे २०४८ शब्द मावत, म्हणजे बंधूंची सारी यादी कांहीं मावली नसती. पण जें मावे तें सहसा विसरलें जात नसे. पुढें यंत्रें हजारों पट शहाणीं झालीं आणि त्यांच्या चालूं स्मृतीस हें विस्मरण जडलें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईच्या बहुतेक भागांची वीज एकाएकीं गेली, त्या दिवशीं कुलाब्यापासून दादरापर्यंत किती अर्धीं वाक्यें अशीं नाहींशीं झालीं असतील! उत्तरपूजेवांचून विसर्जन झालें, दुसरें काय?

आतां ही उत्तरपूजा यंत्र कशी करितें तें सांगितलें पाहिजे, कारण त्यावांचून तें अडतें कोठें हें समजावयाचें नाहीं. आज्ञा मिळतांच मुख्य प्रणाली प्रत्येक चालूं कार्यक्रमास विचारते, ‘तुझें आवरलें का?’ ज्याचें काम जतन झालेलें नसतें तो हात वर करितो, आणि त्याचें नांव पडद्यावर दिसतें. मग पडद्याआड राबणाऱ्या सेवांची पाळी. त्यांस कांहीं सेकंदांची मुदत असते, ती संपली कीं त्यांस बाहेर काढण्यांत येतें. यांच्या मागें ड्रायव्हर राहतात, म्हणजे प्रत्येक उपकरणाशीं बोलणारे मध्यस्थ. हे प्रणालीच्या अगदीं गाभाऱ्यांत बसलेले असतात. त्यांस हाताला धरून उठवितां येत नाहीं. त्यांतील एकानें जरी ‘माझें झालें’ असें म्हटलें नाहीं, तरी सबंध घर तिष्ठत राहतें. पूर्वीं शेवटचें काम मनुष्याकडे होतें. १९९५ सालच्या विंडोजमध्यें सर्व आवरल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरें येत, कीं आतां यंत्र बंद करण्यास हरकत नाहीं. मग आपण उठून खटका पाडावयाचा. त्याच सुमारास नवी बांधणी आली, १९९६ अखेर वीजव्यवस्थेचे नवे नियम ठरले, आणि खटका पाडण्याचा अधिकारहि यंत्रास मिळाला. तेथें अडून बसावयास एक नवी जागा झाली. १९९९ सालच्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीवर इतकीं यंत्रें बंद होतांना अडूं लागलीं, कीं खुद्द कंपनीस केवळ बंद होण्याची एक निराळी दुरुस्ती काढावी लागली.

बंधूंनीं प्रथम यंत्र उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेलें. त्यानें झांकण न उघडतांच निदान केलें, ‘फॉरमॅट मारावें लागेल.’ म्हणजे घरांत एक माणूस दार उघडीत नाहीं म्हणून घरच पाडावयाचें. हा सल्ला आम्हीं इतक्या ठिकाणीं इतक्या वेळां ऐकला आहे, कीं तो या धंद्याचा गुरुमंत्रच असावा. बंधूंनीं यंत्र काखेंत मारून परत आणिलें.

शेवटीं बंधूंची मुलगी, दादरास असते ती, एका रविवारीं आली. तिनें प्रथम जें केलें त्याबद्दल आम्हांस तिचें कौतुक वाटतें. दोषाकडे न पाहतां ती म्हणाली, ‘बाबा, आधीं यादीची एक प्रत काढून ठेवूं या.’ पेनड्राइव्हवर प्रत उतरली तेव्हां बंधू महिन्यांनंतर जरा सैल बसले. मग तिनें यंत्राची घटनावही उघडली. प्रत्येक संगणक अशी वही ठेवतो. नीट बंद झाला तर ६००६ हा आंकडा, आधींचें बंद होणें अनपेक्षित असलें तर ६००८. बंधूंस हा प्रकार ठाऊक नव्हता. ‘म्हणजे याचा हजेरीपट आहे तर,’ असें म्हणून त्यांनीं चष्मा लाविला. तीन ठिकाणीं ६००८ निघाला. बंधूंनीं तर बटणास हात लाविलेला नव्हता. मग नातवाकडे सर्वांची दृष्टि वळली, आणि आजोबा निजल्यावर कोण काय करीत होतें याचा उलगडा झाला.

पुढील काम म्हणजे एकेकास वगळीत जाणें. विंडोज आठपासून, म्हणजे २०१२ सालापासून, एक ‘त्वरित आरंभा’ची सोय आहे, तिच्यामुळें यंत्र बंद केलें तरी गाभा पुरता मिटत नाहीं, त्याचें चित्र साठवून ठेवण्यांत येतें. पुनरारंभाची आज्ञा दिली तर मात्र सर्व पुरतें मिटून नव्यानें सुरू होतें. म्हणून केवळ बंद करतांना अडत असेल आणि पुनरारंभ सुरळीत होत असेल, तर पहिला संशय या सोयीवर घ्यावा. येथें पुनरारंभहि अडला. तरी चाचणी स्वच्छ असावी म्हणून तिनें ती सोय काढून टाकली. मग बाहेरच्या सर्व तारा काढिल्या, फरक नाहीं. मग ‘सेफ मोड’मध्यें, म्हणजे केवळ अत्यावश्यक मंडळी घेऊन, यंत्र सुरू केलें, त्या वेळीं आज्ञा मिळतांच तें गपकन मिटलें. अर्थात् पाया शाबूत होता. बाहेरून येऊन राहिलेल्यांपैकींच कोणीतरी अडवीत होता.

अशा सोळा सेवा निघाल्या. एकेक तपासावयाची तर दिवस गेला असता. तिनें अर्ध्या बंद ठेविल्या, अर्ध्या चालूं. ज्या अर्ध्यांत दोष राहिला तिचे पुन्हां दोन भाग. सोळांच्या आठ, आठांच्या चार, चारांच्या दोन, दोनांची एक. चार खेपांत ती जागा सांपडली. ही रीत ज्यास आली त्यास घरांतील निम्म्या बिघाडांसाठीं कोणाचे पाय धरावे लागत नाहींत; विजेचा कोणता दिवा फ्यूज उडवितो हेंहि असेंच शोधावें.

सांपडली ती एका प्रिंटरची सेवा, आणि तिच्या हाताखालचा ड्रायव्हर. तो प्रिंटर दोन वर्षांपूर्वीं भंगारवाल्यास दिलेला होता! यंत्र बंद होतांना हा सेवक प्रिंटरास विचारी, ‘तुझें आवरलें का?’ आणि उत्तराची वाट पाही. पूर्वीं हें खपून जात असे. पावसाळ्यांत प्रणालीची कांहीं सुधारणा आपोआप उतरली, तेव्हांपासून त्याचें वाट पाहणें सर्वांस बाधूं लागलें असावें, असा पुतणीचा तर्क. तिनें प्रिंटरचा सारा संच मुळासकट काढून टाकला व बंद होण्याची आज्ञा दिली. घड्याळांत अकरा सेकंद झाले आणि पंखा थांबला.

खोलींत एकाएकीं शांत झालें. नातवानें टाळी वाजविली. बंधू मात्र काळ्या पडद्याकडे पाहत म्हणाले, ‘दोन वर्षें याला कोणीच सांगितलें नाहीं, कीं तो गेला म्हणून?’ आम्हीं कांहींतरी थट्टेनें बोलणार होतों, पण त्यांचा चेहरा पाहून राहिलों. त्यांच्या यादींत एक रकाना आहे, ‘शेवटचें कळलेलें’. त्यांत कित्येक नांवांपुढें १९८३, १९८४ असे आंकडे आहेत आणि पुढें कांहीं नाहीं. कित्येक वर्षें त्यांनीं तीं नांवें खोडलीं नाहींत, वगळलींहि नाहींत. त्या संध्याकाळीं त्यांनीं यंत्र पुन्हां सुरू करविलें व पुतणीकडून अशा नांवांची निराळी यादी काढून घेतली. एकोणतीस निघालीं. त्यांतील सात माणसांच्या गांवीं पत्रें धाडावयाचें ठरलें. पत्ते जुने आहेत, पण सरपंचाच्या नांवें धाडलेलें पत्र बहुधा पोंचतें, असा बंधूंचा अनुभव आहे.

यंत्र आतां रोज रात्रीं साडेनऊला नीट मिटतें. यादीची प्रत दर रविवारीं पेनड्राइव्हवर उतरते, आणि एक प्रत दादरास असते. त्वरित आरंभाची सोय पुन्हां चालूं करूं का, असें पुतणीनें विचारलें होतें. बंधूंनीं नको म्हटलें. त्यामुळें सकाळीं सुरू होण्यास कांहीं सेकंद अधिक लागतात. तेवढ्यांत ते चहाचें आधण ठेवून येतात.