आजी, तूप नको!

माझ्या आईच्या मते जगातल्या नव्वद टक्के दुखण्यांवर एकच औषध आहे, साजूक तूप. त्यामुळे न्यू जर्सीला ताईच्या घरी पोचल्या पोचल्या तिने बॅगेतून डिंकाचे लाडू काढले आणि ताईचा चेहराच उतरला. ‘आई, त्याला नाही गं चालत!’

‘तो’ म्हणजे माझा भाचा, वय वर्षं सहा. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत कळलं की त्याला ‘व्हीएलसीएडी’चा जन्मजात दोष आहे. नाव अवघड, पण मामला सरळ. तूप-तेलातल्या चरबीच्या साखळ्या लांबलचक असतात, बहुतेक १६ ते १८ कार्बनच्या. त्या तोडायला सुरुवात करणारं एन्झाइमच त्याच्याकडे कमी. तुमचं-माझं एक जेवण चुकलं तर शरीर साठवलेली चरबी जाळून वेळ मारून नेतं. त्याला ती सोय नाही. ताप आला, पोट रिकामं राहिलं की साखर घसरते, स्नायू झिजायला लागतात, हृदयालाही धोका. मागच्या हिवाळ्यात साधा फ्लू झाला आणि दोन दिवसांत लघवी कोलाच्या रंगाची! थेट हॉस्पिटल. ताईची झोप उडाली ती तेव्हापासून.

मग ट्रायहेप्टानॉइन सुरू झालं. जून २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध म्हणजे, गंमत बघा, चक्क तेलच! आतड्यात ते फुटतं आणि ७ कार्बनच्या छोट्या साखळ्या सुटतात. त्या यकृतात जातात. लांब साखळ्यांना लागणारं ते एन्झाइम त्यांना लागतच नाही. तिथे एका साखळीचे तुकडे पडतात २, २ आणि ३ कार्बनचे. दोनवाले जळून ऊर्जा देतात. पण खरा हीरो तीनवाला! पेशीतल्या ऊर्जेच्या चक्रात जो कच्चा माल कमी पडतो, तो हा भरून काढतो. आधीच्या एमसीटी तेलात ८ आणि १० कार्बनच्या साखळ्या, त्यामुळे तुकडे सगळे दोनचेच. तीनवाला त्यात नाहीच. शिवाय यकृत यातल्या काही मालाचे ५ कार्बनचे कीटोन बनवून रक्तातून इतर अवयवांकडे धाडतं.

म्हणजे दोष बरा झाला का? नाही. उपाशी राहणं आजही बंद. कधी पोट दुखतं, कधी जुलाब. दिवसातून चार वेळा मोजून, दह्यात नाहीतर ओटमीलमध्ये कालवून द्यायचं. आणि थर्माकोलच्या कपात अजिबात ओतायचं नाही, त्या प्लास्टिकवर या तेलाचा परिणाम होतो.

हे ऐकल्यावर आई दोन दिवस गप्पच होती. लाडू मी आणि भावोजींनी संपवले. तिसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्ये गेले, तर आई चष्मा लावून मापाने तेल मोजत होती. समोर पुण्याहून आणलेली स्टीलची वाटी, वाटीत दही.

‘काय करतेयस गं?’

‘त्याचं तूप कालवतेय,’ ती म्हणाली.

ताई त्या दिवशी नऊपर्यंत झोपली.