वायफाय नेमकं अडतं कुठे?



वायफाय अडकलं की मुलं आरडाओरडा करतात. वडीलधारी माणसं मात्र स्वतःलाच दोष देतात. माझ्या सासूबाई त्यातल्याच. गुडघ्यांमुळे त्यांना मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून चातुर्मासातलं प्रवचन त्या आतल्या खोलीत मोबाईलवर ऐकतात. यंदा रोज मध्येच आवाज थांबायचा, चकती फिरत राहायची. आठवड्याभराने त्यांनी मोबाईल बाजूलाच ठेवला. "राहू दे गं, मलाच हे जमत नाही," म्हणाल्या. ते मला फार लागलं.

दुकानदार म्हणाला, नवा राउटर घ्या. मी म्हटलं, आधी बिघाड कुठे आहे ते तर कळू दे.

पहिल्यांदा दिवे पाहिले. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाही असं समजायचं. तिथे कंपनीचाच माणूस हवा. आमच्याकडे तो दिवा बंद होता. मग लेकीचा लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला आणि प्रवचन लावलं. अर्ध्या तासात एकदाही थांबलं नाही. म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत. मग सासूबाईंचा मोबाईल राउटरजवळ धरला, तिथेही सुरळीत. आतल्या खोलीत नेला, की चकती सुरू! म्हणजे दोष मोबाईलचा नाही आणि सासूबाईंचा तर नाहीच. अडचण होती मधल्या वाटेत.

राउटर हॉलच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे होता. लोखंड वायफायच्या लहरी अडवतं. तो पॅसेजमधल्या उंच फळीवर, मोकळ्यावर ठेवला. फायबरची वायर हलवताना करकचून दुमडू नका, आत काच असते. एवढ्याने निम्मा फरक पडला.

उरलेलं काम सेटिंगमध्ये झालं. बऱ्याच राउटरवर वायफायची दोन नावं दिसतात. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतींपलीकडे लवकर मंदावतं. २.४ गिगाहर्ट्झचं हळू, पण लांबपर्यंत पोहोचतं आणि प्रवचनाला तेवढा वेग पुरतो. सासूबाईंच्या मोबाईलवर २.४चंच नाव ठेवलं. मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरींवर चालतो, म्हणून राउटर त्याच्यापासून लांब ठेवा.

परिग्रह न वाढवता, एक रुपयाही न खर्चता काम झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पूर्ण प्रवचन ऐकलं आणि दुपारी मलाच त्यातलं समजावून सांगितलं.

तुमच्याकडेही असं होत असेल, तर एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. केबलवरही अडकत असेल, तर तक्रार करताना तेच सांगा: "केबल लावूनही थांबतं." मग दोष तुमच्या मोबाईलवर ढकलता येत नाही. आणि घरातल्या आजीला आधी एवढं सांगा, की तुमचं काही चुकलेलं नाही.