पवनेच्या पाण्यावर (भाग 2)

शुक्रवार, ठाकूरसाई

पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. आज आमच्याकडे पाण्याचा वार नव्हता आणि मी निघाले कुठे, तर ते पाणी जिथून येतं तिथे. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतं, तिथून उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. साडेआठ टीएमसीचं हे धरण घरापासून इतकं जवळ, की लोक त्याला सहल मानतच नाहीत. ‘लेकला जाऊन येऊ’ म्हणतात.

काठावर तंबूच तंबू. शेजारच्यांचा स्पीकर उशिरापर्यंत चालू होता, चंद्र बिचारा बिनकामाचा. कायाकवाल्या पोराने मात्र कामाचं सांगितलं, “ताई, वारा दहानंतर उठतो, तुंगाकडनं येतो. जाताना तिकडंच तोंड करा, येताना तोच आणून सोडंल.”

शनिवार

उजाडता उजाडता कायाक पाण्यात लोटली. एप्रिलअखेर असल्यामुळे पाणी बरंच मागे हटलंय, आधी भेगाळलेला गाळ तुडवावा लागला. एकदा तरंगायला लागल्यावर पहिला कान उघडतो. वल्ह्याचं पातं पाण्यात शिरल्याचा ‘चुबुक’, मग टपटप, मग काही नाही.

नवखा माणूस हातांनी ओढतो आणि अर्ध्या तासात खांदे धरून बसतो. वळायचं कमरेतून, हात नुसते वल्हं धरायला. दुतोंडी वल्ह्याच्या दांड्याला पात्याजवळ रबराची एकेक चकती असते. ओघळणारं पाणी तिथे अडून खाली गळावं म्हणून ती. माझ्या वल्ह्याची डावी चकती आत सरकली होती, त्यामुळे थेंब थेट कोपरापर्यंत येऊन बाहीत शिरत होते. चकती जागेवर ओढून बसवली, बाही पिळली.

पाठीशी लोहगड-विसापूर, डावीकडे तिकोना, समोर तुंग. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत लोहगड गेला, हे योग्यच झालं. पण पाण्यातून पाहताना रुबाब तुंगाचा. सुळक्यासारखा निमुळता, चारही अंगांनी कडे तासलेले. ‘कठीणगड’ नाव उगाच नाही पडलं.

वाटेत एक काका ट्यूबवर बसून जाळं ओढत होते. “एकट्याच?” म्हणाले, आणि उत्तराआधीच माझ्या जॅकेटचे पट्टे बघून घेतले. जाळ्यात फार काही नव्हतं. बोलता बोलता त्यांनी वल्ह्याएवढ्या हातवाऱ्याने खालचं पाणी दाखवलं, “आमच्या थोरल्यांचं भाताचं वावर हितंच कुठंतरी.” तक्रारीचा सूर नव्हता, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मला मात्र पुढे काही वेळ वल्हं जपून टाकावंसं वाटलं.

मावळाने या पाण्यासाठी दोनदा मोजलंय. आधी जमिनी गेल्या. मग धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी टाकायला विरोध करताना 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघे आंदोलक गेले. शहरात हा विषय ‘रखडलेला प्रकल्प’ म्हणून निघतो. इथे तो तसा निघत नाही.

दहा वाजले आणि वारा खरंच उठला. परतीला निम्मं काम त्यानेच केलं.

रविवार

आज वाघेश्वर. वर्षातले बरेच महिने हे दगडी शिवमंदिर पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात वर येतं. खांबांवर पाण्याच्या पातळीचे पट्टे उमटलेत, कोनाड्यात सुका गाळ आणि शिंपले. गाळावर काल-परवाची फुलं होती, म्हणजे पाणी ओसरलं की कोणीतरी येतंच. ती सोडून चिप्सची पाकिटंही होती; ती मात्र उचलून कायाकच्या जाळीत कोंबली. पाणकावळा बुरुजासारख्या खडकावर पंख वाळत घालून बसला होता, माझी त्याला फिकीर नव्हती.

जाणार असाल तर एवढं करा. उजाडताना उतरा आणि वारा उठायच्या आत फिरा. पोहता येत असलं तरी जॅकेट घाला, पट्टे घट्ट आवळा. या पाण्यात गाळ आहे, तळ दिसत नाही. परवानगी असलेल्या माणसाकडूनच होडी घ्या. आणि साबण, तेल, उरलंसुरलं जेवण धरणात टाकू नका. ते पाणी लाखो घरांत प्यायला जातं.

(क्रमशः)