आठ दिवसांची मर्यादा

चैत्राच्या आरंभी व्यापारी घरात काही दिवस निवांतपणा येतो. ३१ मार्चचे हिशेब मिटलेले असतात आणि अक्षय्य तृतीयेची गिऱ्हाइकी अजून दूर असते. पुण्याच्या भवानी पेठेतील एका घाऊक दुकानाच्या वह्या वीस वर्षे सांभाळणाऱ्या श्राविकेने एका वर्षी याच दिवसांत घरी सांगितले, की तिला आठ दिवस एकटीने परदेशी जायचे आहे. संघाबरोबर तिची शत्रुंजय, सम्मेतशिखर आणि राणकपूरची यात्रा झाली होती. एकटीने ती लोणावळ्यापलीकडे गेली नव्हती. घरात कोणी विरोध केला नाही. सासऱ्यांनी एवढेच विचारले, "जेवणाचं काय करणार, सूनबाई?"

या एका प्रश्नाने जगाचा नकाशा लहान झाला आणि दोन देश उरले : बेल्जियम आणि जपान. दोन्हीकडे जिनमंदिर आहे.

अँटवर्पच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकालगत हिऱ्यांची पेठ आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पालनपूरची अनेक कुटुंबे तेथे स्थायिक झाली आणि शहराच्या विल्रेक या उपनगरात त्यांनी संगमरवरी मंदिर उभारले. त्याची प्रतिष्ठा २०१० साली झाली. वसंतात हा देश सुंदर असतो. ब्रुसेल्सच्या दक्षिणेस हाले गावाजवळच्या वनात, बीच वृक्षांना कोवळी पालवी फुटत असतानाच खालची जमीन निळ्या घंटाफुलांनी झाकून जाते. लाकन येथील राजवाड्याची काचगृहे वर्षातून सुमारे तीनच आठवडे, याच ऋतूत, लोकांसाठी उघडतात.

कोबे हे जपानचे बंदर १८६८ साली परदेशी व्यापारासाठी खुले झाले. किटानो या उतारावरच्या वस्तीत तेव्हाच्या परदेशी व्यापाऱ्यांची घरे आजही जतन केलेली आहेत. तेथेच १९८५ साली मोत्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबांनी श्रीमहावीरस्वामींचे मंदिर बांधले. चेरीचा बहर क्योटोत बहुधा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर ओसरतो. पण निन्नाजी मंदिरातील ठेंगणी झाडे उशिरा, एप्रिलच्या मध्यास फुलतात. चैत्री ओळी आणि महावीर जन्मकल्याणक घरी करून निघणाऱ्या प्रवाशाला तोच बहर गाठता येतो.

श्राविकेने वहीच्या पानावर दोन रकाने आखले. घड्याळाचा रकाना बरोबरीत सुटला : एप्रिलमध्ये जपान भारताच्या साडेतीन तास पुढे असतो आणि बेल्जियम तेवढाच मागे. सूर्याचा रकाना मात्र निराळा निघाला. एप्रिलच्या मध्यास अँटवर्पला सूर्यास्त साडेआठनंतर होतो, कोबेला साडेसहाच्या सुमारास. चौविहार पाळणाऱ्याला बेल्जियमची लांब संध्याकाळ सोयीची. आहाराच्या रकान्यात दोन्हीकडे अडचणी होत्या. बेल्जियमचे प्रसिद्ध तळलेले बटाटे परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळले जातात आणि वॉफलमध्ये अंडी असतात. जपानमध्ये वरवर निव्वळ भाजीचा वाटणारा रस्साही पुष्कळदा सुकवलेल्या माशाच्या अर्काचा असतो.

तरीही बेल्जियमचे पारडे जड होते, कारण नणंदेच्या सासरचे नातेवाईक अँटवर्पला राहत होते. फोन होताच आठही संध्याकाळींची वाटणी झाली : कोणाकडे कधी जेवण, स्थानकावर कोण घ्यायला येणार, मंदिरात कोण नेणार. घरच्यांना हायसे वाटले. श्राविकेला त्यांचा जिव्हाळा समजत होता. पण तिच्या लक्षात आले, की त्या आठ दिवसांत ती एकटी अशी कधी असणारच नाही. तेथे तिचा नियम इतर लोक सांभाळतील, जसा तो पुण्यात स्वयंपाकघर सांभाळते. वीस वर्षांचा चौविहार आपला किती आणि घराच्या शिस्तीचा किती, हे तिला कधी पाहताच आले नव्हते.

म्हणून तिने जपानचा रकाना पुन्हा वाचला. ओसाकाहून आगगाडी आणि मग दोरखंडाने ओढली जाणारी डोंगरगाडी घेतली की कोयासान येते. आठशे मीटर उंचीवरच्या या बौद्ध क्षेत्राची स्थापना नवव्या शतकात कूकाई यांनी केली. तेथील मठांत प्रवाशांना उतरता येते. जेवणात मांस, मासे, कांदा, लसूण नसते. मुळा, गाजर, कमळकंद मात्र असतात, ते आधी सांगून वगळावे लागतात. संध्याकाळचे ताट सहाच्या आत-बाहेर येते, न्याहारी सातच्या सुमारास. सूर्योदय साडेपाचच्या आसपास होत असल्याने नवकारशीही सांभाळते. या पर्वतावर पूर्वी स्त्रियांना प्रवेश नव्हता. सरकारने ती बंदी १८७२ साली उठवली. स्त्रिया जेथून परत फिरत, तेथील एक स्त्रीमंडप अजून उभा आहे. ओकुनोइनच्या देवदारांखालील लाखो समाधींमध्ये एक स्मारक वाळवीचे आहे. ते वाळवीनाशकाचा धंदा करणाऱ्यांच्या संघटनेने, आपल्या हातून मेलेल्या जीवांसाठी उभारले. धंदा न सोडता उभारलेल्या त्या दगडाला काय म्हणावे, हे तिला पुण्यात बसून ठरवता येईना. तो तिला पाहायचा होता.

निर्णय ऐकून दिराने सुचवले, की कोबेला जातेच आहेस तर मोत्यांचे भावही काढून ये. ती नको म्हणाली. मोती काढताना शिंपल्यातला जीव जातो हे एक कारण. दुसरे कारण सासऱ्यांकडून आलेले होते. ते रोज सकाळी देशावकाशिक व्रत घेत : आज पेठेबाहेर जाणार नाही, बाहेरचा व्यवहार करणार नाही. दिग्व्रतात दिशांची मर्यादा जन्मभराची असते, देशावकाशिकात तीच थोड्या काळापुरती आणखी आवळली जाते. इतकी वर्षे हे व्रत तिला म्हाताऱ्या माणसाचे वाटत होते.

पौर्णिमेला ओळीची सांगता झाली. निघण्याच्या दिवशी पहाटे खाकऱ्यांचा डबा पिशवीत गेला. श्राविकेने अँटवर्पला फोन करून क्षमा मागितली आणि पुढच्या खेपेला सहकुटुंब येण्याचे कबूल केले. मग ती सासऱ्यांसमोर हात जोडून बसली आणि तिने आपली मर्यादा उच्चारली : कोबे, क्योटो, कोयासान, आठ दिवस, खरेदी-विक्री नाही, सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही.

सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकले. जेवणाचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.