पहिल्या दिवशी सर्व्हर विचारू नका

नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर भारतीयांची एकदम गर्दी झाली. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं होतं. त्यावरून चिडलेले पुष्कळ जण निषेध म्हणून इकडे येत होते. मीही त्याच लाटेत आले. लाट लवकरच ओसरली, बहुतेक मंडळी परत गेली, मी राहिले. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ट्विटर इलॉन मस्क यांच्या ताब्यात गेलं, तेव्हा पुन्हा तसाच लोंढा आला आणि पुन्हा बराचसा ओसरला. दोन्ही वेळी परत गेलेल्या कितीतरी जणांशी मी बोलले. मॅस्टोडॉन वाईट आहे असं क्वचितच कुणी म्हणालं. "आत गेलो, पण पुढे काय करायचं तेच कळेना," हे मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी होतं.

तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांना तिथे खातं उघडून द्यायचं काम मी करत आले आहे. हे मी मनापासून करते. आपण लिहिलेलं कुणाला दिसावं आणि कुणाला नाही, हे एका कंपनीच्या मर्जीवर राहू नये असं मला ठामपणे वाटतं. युजेन रोच्को या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रामरने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केलं ते एखाद्या कंपनीचं दुकान म्हणून नव्हे. त्याचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, कुणीही आपला सर्व्हर चालवू शकतो. हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीने. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. तिथे जाहिराती नाहीत, आणि पोस्ट कालक्रमाने दिसतात. हे सगळं ऐकून माणसं खूश होतात आणि "दे उघडून" म्हणतात. अडतं ते त्यानंतर.

शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त आहेत आणि झाडांवर फार सुंदर टिपणं लिहितात. त्यांच्या घरी बसून खातं उघडत होतो. सर्व्हरची यादी समोर आली. एक चित्रकारांचा, एक कुठल्याशा जर्मन शहराचा, एक गेम खेळणाऱ्यांचा, असे कितीतरी. बाईंनी चष्मा सावरून यादी खालपर्यंत वाचली आणि मला विचारलं, "अगं, यात झाडांचा कुठला? आणि झाडांच्या सर्व्हरवर गेले तर कवितेवर लिहिलेलं चालेल का? तू तर दुसरीकडे आहेस, मग तुझं मला दिसायचं कसं?"

यातला एकही प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पडदाच तसं सुचवत होता. निवड करायला सांगितली की माणूस धरून चालतो की निवडीने फरक पडतो, आणि चुकीची केली तर आपण अडकणार. मी म्हटलं, "बाई, तुमचं सिम कुठल्याही कंपनीचं असलं तरी मला फोन लागतोच ना? तसंच आहे हे." ते त्यांना लगेच पटलं. मग मी एक मोठा, नीट चालवलेला सर्व्हर सांगितला आणि तिथे त्यांचं खातं उघडलं. पुढे सर्व्हर बदलावासा वाटला तर बदलता येतो. आपले फॉलोअर नव्या खात्याकडे वळवता येतात. जुन्या पोस्ट मात्र जुन्या जागीच राहतात आणि आपला पत्ताही बदलतो. हे मी लपवत नाही, पण पहिल्याच दिवशी सांगतही नाही.

मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या अधिकृत ॲपमध्ये नवख्यांसाठी थेट 'मॅस्टोडॉन डॉट सोशल' या सर्व्हरवर येण्याचं मोठं बटण आलं. दुसरा सर्व्हर निवडण्याची सोय त्याच्याखाली ठेवली. त्यावर बरीच टीका झाली. सगळे एकाच सर्व्हरवर गोळा झाले तर विकेंद्रित राहिलं काय, असा टीकाकारांचा सवाल होता. त्यांची काळजी मला समजते. तरीही तो निर्णय मला योग्यच वाटतो. दारातच परीक्षा घेतली तर आत कुणी येणार नाही, आणि आत कुणी नसेल तर विकेंद्रित असून उपयोग काय? आत रुळलेल्या माणसाला लहान सर्व्हरकडे वळवणं सोपं असतं. मी स्वतः तसं अनेकांना वळवलं आहे.

लहान सर्व्हरवर थेट जाण्यात आणखी एक अडचण असते. तिथे बहुधा अर्ज करावा लागतो, 'तुम्हाला इथे का यायचं आहे' याचं उत्तर लिहावं लागतं आणि चालवणाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागते. चालवणारे नोकरी सांभाळून हे करतात, त्यांना उशीर होणारच. पण तोवर नवख्याचा उत्साह मावळलेला असतो. सर्व्हर उद्या बंद पडला तर, हा प्रश्नही हटकून येतो. त्यासाठी मी मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या यादीतलाच सर्व्हर सुचवते. त्या यादीत यायचं तर रोजचा बॅकअप, द्वेषपूर्ण मजकुरावर कारवाई आणि बंद करण्याआधी किमान तीन महिन्यांची सूचना, अशी हमी चालकाला द्यावी लागते.

पण खातं उघडल्यावर येणारी खरी अडचण म्हणजे रिकामं होमपेज. ट्विटर-इन्स्टाग्राम तुमच्यासमोर काही ना काही आणून टाकतात. इथे तुम्ही कुणाला फॉलो केलं नाही तर कुणी दिसत नाही. बाईंनी एका अभ्यासकाचं खातं उघडून पाहिलं तर तिथे एकही पोस्ट नाही. "यांनी काहीच लिहिलेलं दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात ते गृहस्थ रोज लिहितात. पण दूरच्या सर्व्हरवरच्या माणसाला आपल्या सर्व्हरवरून आधी कुणीच फॉलो केलेलं नसेल, तर त्याच्या जुन्या पोस्ट आपल्याकडे आलेल्याच नसतात. फॉलो केल्यावर नव्या येऊ लागतात. हे सांगायला शेजारी कुणी नसेल तर नवखा माणूस खातं बंद करून निघून जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

यावर एक उपाय मला फार उपयोगी पडला आहे. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेता येते आणि दुसऱ्याला ती आपल्या खात्यात चढवता येते. मी माझ्या यादीतून मराठीत नियमित लिहिणारी, झाडं-पक्षी-पुस्तकं यांत रमणारी खाती वेगळी काढून एक छोटी फाइल करून ठेवली आहे. अधिकृत ॲपमध्ये फाइल चढवायची सोय नाही, म्हणून फोनवरच ब्राउझर उघडायचा, सेटिंगमध्ये 'इम्पोर्ट'वर जायचं आणि 'मर्ज' निवडून फाइल द्यायची. बाईंच्या फोनवर हे केलं आणि थोड्या वेळाने त्यांच्या पानावर कुणाच्या तरी बागेतला फुललेला बहावा आला. त्या लगेच उत्तर लिहायला बसल्या. मी आणखी काही समजावण्याची गरज उरली नाही.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाने जून २०२४ मध्ये 'स्टार्टर पॅक' आणले तेही याच गरजेतून. कुणीतरी निवडलेल्या खात्यांचा संच नवख्याला एका बटणावर फॉलो करता येतो. मॅस्टोडॉनवर असं काम आजवर बरंचसं हातानेच करावं लागलं आहे. पण हात लावणारी माणसं असतील तर तेही होतं.

म्हणून जे आधीपासून तिथे आहेत त्यांना माझी विनंती आहे. आपल्या सेटिंगमध्ये निमंत्रणाची लिंक करण्याची सोय आहे का ते पाहा. बऱ्याच सर्व्हरवर ती असते, आणि त्या लिंकवरून येणारा माणूस आपोआप तुम्हाला फॉलो करेल असंही तिथे ठरवता येतं. ती लिंक एका ओळखीच्या माणसाला पाठवा, सर्व्हर निवडायला लावू नका, सोबत आपली छोटी यादी द्या. पोस्ट लिहिताना भाषा 'मराठी' निवडायला शिकवा, म्हणजे मराठी शोधणाऱ्यांना ती सापडेल. आणि त्या माणसाच्या पहिल्या पोस्टला त्याच दिवशी उत्तर द्या.