शिवणीतली माया

आमचा पहिला रेडिमेड शर्ट ईदगाहवर फाटला. सन १९८९ ची रमजान ईद. मे महिना होता आणि नरखेडचे ऊन सकाळी आठलाच डोक्यावर आले होते. आम्ही दर्जीचे पोर असूनही नागपूरला जाऊन, सीताबर्डीवरून आकाशी रंगाचा तंग शर्ट आणला होता. अब्बांना दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटा केला, आतली शिवण अंगठ्याने चाचपली आणि काही न बोलता परत दिला. दुसऱ्या रकातीच्या सजद्यात कपाळ जमिनीला टेकले आणि उजव्या काखेतून थेट कंबरेपर्यंत चर्रकन आवाज झाला. अब्बा आमच्या मागच्याच सफीत होते.

नमाजनंतर गळाभेटी सुरू झाल्या. आम्ही उजवा हात बरगडीला चिकटवून एका हाताने सगळ्या गावाला भेटत होतो. आमच्या आखाड्यातला एक दोस्त म्हणाला, "काऊन बे, खांदा उतरला का?" आम्ही हो म्हणालो. खोटे बोललो, तेही ईदच्या दिवशी.

घरी आल्यावर अब्बांनी शर्ट मागून घेतला. बाशी ईदला तो परत मिळाला, तेव्हा दोन्ही काखांत पांढऱ्या पॉपलिनचा एकेक चौकोन बसवलेला होता. चौबगला. जुन्या कुर्त्यात आणि पैरणीत असतो तोच. "आता फाटणार नाही," एवढेच ते म्हणाले. आम्हाला तो चौकोन ठिगळासारखा दिसला. आम्ही शर्ट पेटीच्या तळाशी टाकला.

आमचे शरीर कोणी शौकाने कमावलेले नव्हते. नरखेड तालुका म्हणजे संत्र्याचा मुलूख. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे उतरतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. दोन्ही हंगामांत आम्ही पेट्या उचलून ट्रक भरत असू. उरलेल्या दिवसांत पहाटे आखाडा. जोर, बैठका, माती उकरणे, नागपंचमीच्या दंगलीत दोनचार कुस्त्या. वरूड-मोर्शीमार्गे गेले की अमरावती, आणि अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली उभे केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिथली पोरे १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आली होती, ही गोष्ट आमचे उस्ताद अशी सांगत, जणू ते स्वतः जहाजात बसले होते. तर अशा हवेत विसाव्या वर्षी आमची छाती चव्वेचाळीस झाली आणि कंबर एकतीसवर थांबली.

या दोन आकड्यांनीच घोळ केला. तयार सुटात छाती आणि कंबर यांच्यात साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो. आमचा तेरा होता. छातीला बसेल तो शर्ट कंबरेला तंबूसारखा फुगे. कंबरेला बसेल त्याची बटणे छातीवर तोंडे वासत. पँट मांडीत अडके, आणि मांडीला मोठी घ्यावी तर कंबरेत आणखी एक माणूस मावे. दुकानदार म्हणत, "भाऊ, तुमच्या मापाचं बनतच नाही." आम्हाला याचा अभिमान वाटे. अब्बांना मात्र हसू येत असावे, कारण बनत नाही ते बनवणे हाच तर त्यांचा धंदा होता आणि त्यांचा मुलगा नागपूरच्या दुकानांचे उंबरे झिजवत होता.

मग ३० जुलै १९९१ उजाडली. आमच्याच तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदी शिरली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. आमच्या आखाड्यातली पोरे तिकडे धावली. गाळ उपसायचा होता, पडलेल्या भिंतींचे लाकूड ओढायचे होते, आणि त्याखाली जे सापडेल ते उचलायचे होते. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, आताही बोलणार नाही. निघताना घाईत पेटीतून हाताला आला तो आकाशी शर्ट. तीन दिवस तो अंगावर होता. हात डोक्यावर गेले, पाठ वाकली, खांद्यावर तुळया आल्या. बटणे गेली, कॉलर गेली, पाठीचे कापड दोन ठिकाणी विरले. काखेतले ते दोन पांढरे चौकोन तेवढे शाबूत राहिले.

परतलो तेव्हा अब्बांच्या दुकानात मांजरपाटाचा तागा उघडलेला होता. मोवाडच्या लोकांसाठी ते पैरणी शिवत होते. आम्ही विचारले, "माप?" ते म्हणाले, "याला माप लागत नाही. लहान, मधली, मोठी, बस्स." मग पहिल्यांदाच त्यांनी आम्हाला शेजारी बसवून कापड कसे बेततात ते दाखवले. पुढची-मागची सरळ पट्टी, दोन्ही बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या, सरळ बाही, आणि बाही जिथे अंगाला मिळते तिथे चौबगला. कापड जवळजवळ वाया जात नाही. शर्टाचा मुंढा गोल कापतात, तो उभ्या माणसाला छान दिसतो. पण हात वर गेला की अख्खा शर्ट वर ओढला जातो. चौबगला हाताला आणि बरगडीला थोडी वेगळी जागा देतो, म्हणून हात वर गेला तरी अंगावरचे कापड जागच्या जागी राहते. "ज्याने हे काढलं," अब्बा म्हणाले, "त्याने उभा माणूस पाहिला नव्हता, कामावरचा माणूस पाहिला होता."

हे ऐकून आम्ही लगेच सुधारलो असे नाही. पोरवयात शरीर दाखवायचे असते. आखाड्यात आणि बाहेरही आमचा पेहराव म्हणजे सँडो बनियन. युजीन सँडो नावाचा एक पैलवान जर्मनीत जन्मला, इंग्लंडात नावाजला, १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ दाखवून गेला, आणि आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला नाव ठेवून गेला. आमच्या अब्बांच्या दुकानात मात्र गामा पैलवानाचे कात्रण भिंतीला डकवलेले होते. हाच गामा १९१० साली लंडनला पोलंडच्या झिबिस्कोबरोबर अडीच तासांवर झुंजला आणि १९२८ साली पतियाळ्यात त्यालाच मिनिटभराच्या आत चीत करून मोकळा झाला. अब्बा म्हणत, "आखाड्यात लंगोट, बाहेर ढगळ कुर्ता. जुने पैलवान बघ. ज्याला सगळे ओळखतात त्याला दंड दाखवत फिरावं लागत नाही." आम्ही मनात म्हणायचो, अब्बांना काय कळते?

कळायला डिसेंबर १९९२ यावा लागला. सहा तारखेनंतरच्या आठवड्यात आम्ही एका गावच्या एसटी स्टँडवर उभे होतो. अंगात काळा तंग टी-शर्ट. एका हवालदाराने आधी आमचे दंड पाहिले, मग नाव विचारले, मग थैली उघडायला लावली. थैलीत पाच किलो हरभऱ्याची डाळ आणि अम्मीचे खोकल्याचे औषध. तो काही वाईट बोलला नाही. "जा," म्हणाला. पण बाकावरच्या एका बाईने आपले पोर जवळ ओढले, ते आम्ही पाहिले. ते पोर आमच्याकडे बघून हसत होते.

त्यानंतर आमचा पेहराव बदलला. आम्ही दोन मापे मोठे शर्ट घालू लागलो, बाह्या मनगटापर्यंत, खांदे पुढे झुकवलेले. चारचौघांत बसताना हात मांडीखाली दाबून बसायचो. शरीर लपवायचे असेल तर ढगळ कपड्यासारखी वाईट युक्ती नाही हेही तेव्हाच कळले. शिवण खांद्यावरून घसरून दंडावर येते, कापड छातीवरून सरळ खाली लोंबते आणि कसलेला माणूस नुसता जाड दिसू लागतो. म्हणजे आम्ही होतो त्याहून दांडगे दिसत होतो.

उन्हाळ्यात एका शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची जागा निघाली. मुलाखतीला जायचे नाही, असे आम्ही ठरवून टाकले होते. कारण घरात सांगितले नाही. अब्बांनी विचारलेही नाही. एका रात्री दुकान बंद करता करता ते टेप घेऊन समोर उभे राहिले. "सरळ उभा राहा." आम्ही राहिलो. "हा सरळ नव्हे. वाकून उभा राहिलास तर पाठीचं माप खोटं येतं. मी खोट्या मापाचा शर्ट शिवत नाही."

त्या रात्री त्यांनी आमचे माप चार वेळा घेतले. उभे राहून, खोल श्वास घेऊन, दोन्ही हात पुढे घडी घालून आणि पालथी मांडी घालून. घडीतल्या हातांचे पाठीचे माप दोन इंचांनी वाढले. "हे दोन इंच दुकानदार देत नाही," ते म्हणाले. मग खाली बसून मांडीचे माप घेता घेता, आमच्याकडे न बघता त्यांनी विचारले, "कोणाला भिऊन लपतोस? त्यांना भ्यायची गरज नाही हे त्यांना कळू दे. पण तू स्वतःच चोरासारखा उभा राहिलास तर कसं कळणार?"

आम्ही उत्तर दिले नाही. गळ्याशी काहीतरी दाटले होते आणि गळ्याचे माप आधीच होऊन गेले होते, ही गोष्ट बरी झाली.

शर्ट साय रंगाच्या पॉपलिनचा होता. खांद्याची शिवण बरोबर हाडावर. पाठीत दोन उभे टक, त्यामुळे कंबरेशी कापड फुगले नाही आणि चिकटलेही नाही. छातीवर दोन बोटे सुट. बाहीत एवढी जागा की दंड वळला तरी कापड ताणले जाऊ नये. खिसा एकच आणि बिनझाकणाचा, कारण भरल्या छातीवर झाकणाचे दोन खिसे म्हणजे खळ्यावर आणखी दोन पोती. पँट गडद कॉफी रंगाची, पुढे दोन-दोन चुण्या, आसन खोल, मोहरी फार अरुंद नाही. शर्टाची लांबी अशी की रुकूत वाकले तरी पाठ उघडी पडू नये. मर्दाचे सत्र नाभीपासून गुडघ्यापर्यंत. आखूड शर्ट आणि खाली सरकणारी पँट घालून पहिल्या सफीत उभे राहणाऱ्यांनी मागच्या सफीचा विचार करावा, असे अब्बा नेहमी म्हणत.

मुलाखतीत टेबलापलीकडचे एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे बघून म्हणाले, "अर्जावरची वजन-उंची वाचून वाटलं पैलवान येतोय. हे तर मास्तर आले." नोकरी मिळाली. ती शर्टाने मिळाली असे आम्ही म्हणणार नाही, दंगलींची प्रमाणपत्रेही होती. पण त्या खुर्चीत आम्ही हात टेबलावर ठेवून बसलो होतो.

तीस वर्षे पोरांना कवायत शिकवली. आता नरखेडलाही जिम आहेत. पोरे प्रोटीनच्या डब्यांवर चर्चा करतात आणि ताणणाऱ्या कापडाचे टी-शर्ट घालतात. तो ताणणारा धागा अमेरिकेत १९५८ साली निघाला आणि त्याने दर्जींचे निम्मे काम संपवले. आम्ही त्याला वाईट म्हणणार नाही, पोरांना हात हलवता येतो. पण कधी एखादा माजी विद्यार्थी लग्नासाठी शेरवानी घ्यायला निघतो, तयार शेरवानीत त्याचे खांदे मावत नाहीत आणि तो घरी येऊन विचारतो, "सर, आमच्या अंगाला काय शोभेल?" मग आम्ही त्याला हात घडी घालून उभे करतो आणि टेप काढतो. त्याला सांगतो, की आधी खांदा बसव, बाकीचे कमी-जास्त करता येते. घ्यायचे ते रुंद भागाच्या मापाने घे आणि अरुंद भाग आटवून घे. आरशात बघण्याआधी त्यात एकदा बसून बघ, वाकून बघ.

अब्बा २००९ साली गेले. मर्दाच्या कफनाची तीन कापडे असतात. इजार, कमीस, लिफाफा. कमीसलाही शिवण नाही, फक्त गळ्याला चीर. हजारो माणसांना कपडे शिवणाऱ्याच्या अंगावर शेवटी बिनशिवणीचे कापड होते. गुस्ल देताना आम्ही त्यांचे खांदे पहिल्यांदा नीट पाहिले. मशीनवर वाकून वाकून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली उतरला होता. त्यांचे सगळे सदरे उजवीकडे झुकलेले नसायचे. म्हणजे स्वतःसाठी बेतताना ते हा फरक आयुष्यभर गुपचूप सांभाळत आले होते. आमच्या ते कधी लक्षात आले नाही.

आता आमची छाती बेचाळीस आणि कंबर छत्तीस. ज्या सहा इंचांसाठी तरुणपणी दुकाने पालथी घातली तेच घरी चालत आले आहेत. रेडिमेड शर्ट आता बरोबर बसतो! पण आमच्या बीबींनी परवा पेटीतून तो साय रंगाचा शर्ट काढला. कंबरेत लागत नव्हता. त्यांनी बाजूची शिवण उसवली आणि आम्हाला हाक मारली. आत अब्बांनी दोन्ही बाजूंना इंच-इंच माया सोडून ठेवली होती. बाहेरचे कापड धुऊन धुऊन पिवळे पडले होते, आतली पट्टी तीस वर्षांपूर्वी ताग्यावर होती तशीच होती.

बीबींनी टीप मारून दिली. आता शर्ट होतो. फक्त दोन्ही बाजूंना एकेक उजळ रेघ दिसते. येत्या ईदला तोच घालायचा विचार आहे.